36 ट्रिपल आणि आत सरकणारं कुंपण

1912 च्या हंगामात अमेरिकी बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारले शिकागो कब्जच्या हाइनी झिमरमननं. किती, तर 14. अमेरिकन लीगमध्ये फ्रँक बेकर आणि ट्रिस स्पीकर प्रत्येकी 10 होम रन मारून पहिल्या जागेवर होते. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सच्या ओवेन ‘चीफ’ विल्सननं 36 ट्रिपल मारले, म्हणजे 36 वेळा एकाच फटक्यावर धावत थेट तिसरा बेस गाठला. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमध्ये, तो आकडा त्याआधी कुणाला गाठता आला नव्हता आणि नंतर तर कुणी जवळपासही फिरकलं नाही. त्याच्या खालोखाल 31 ट्रिपल मारणारे दोघे आहेत, 1886 मधला डेव्ह ऑर आणि 1894 मधला हाइनी राइट्झ. म्हणजे तेही एकोणिसाव्या शतकातले.

या विक्रमाचा विषय निघाला की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘हा कधीच मोडणार नाही’ हे एक, आणि ‘तेव्हाचा खेळच वेगळा होता’ हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. पण ती इतक्या सहजपणे म्हटली जातात की खेळ वेगळा केला कुणी, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या मते ट्रिपल कमी होण्याचं मोठं कारण खेळाडूंच्या पायांत सापडणार नाही, ते मैदानाच्या मापात आहे. आणि मैदानं आपोआप लहान होत नाहीत. मालक ती ठरवून लहान करतात, अजूनही करताहेत. मेजर लीग बेसबॉलनं हे नियम करून थांबवायला हवं.

बेसबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. बॅटर चार बेस, म्हणजे टप्पे, एकामागून एक पार करतो तेव्हा धाव होते. एका बेसपासून पुढचा बेस 90 फुटांवर असतो. बॅटरनं चेंडू मारून, समोरच्या संघाची चूक नसताना, थेट तिसरा बेस गाठला की ट्रिपल. म्हणजे 270 फूट धावायचं, तेही दोन ठिकाणी वळणं घेत. होम रनमध्ये चेंडू कुंपणापलीकडे जातो आणि बॅटर हळूहळू धावत फेरी पूर्ण करतो, कारण घाई करण्याचं कारणच उरलेलं नसतं. ट्रिपलमध्ये सगळं उलट. चेंडू उजव्या आणि मधल्या आउटफिल्डरच्या, म्हणजे कुंपणाकडच्या भागातल्या क्षेत्ररक्षकांच्या, मधून निसटतो, दोघंही पाठमोरे धावत सुटतात. दुसऱ्या बेसकडे जाताना बॅटरला चेंडू दिसत नाही, म्हणून तो तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या कोचकडे बघतो. कोच हात गरागरा फिरवतोय की दोन्ही तळवे पुढे करून थांबवतोय, त्यावर सगळं ठरतं. तिकडे आउटफिल्डरनं भिंतीच्या पायथ्याशी चेंडू उचललेला असतो. तो थेट तिसऱ्या बेसवर फेकत नाही, कारण अंतर फार. मध्ये एक खेळाडू उभा असतो, तो चेंडू झेलतो, गर्रकन वळतो आणि फेकतो. बॅटर छातीवर घसरत येतो, धूळ उडते, पंच वाकून बघतो. हे सगळं अकरा-बारा सेकंदांत आटोपतं. एवढ्या वेळात चार-पाच माणसं आपापलं काम पणाला लावून करत असतात. होम रनमध्ये यातलं काहीच नसतं.

आता विल्सनचं मैदान. पिट्सबर्गचं फोर्ब्ज फील्ड जून 1909 मध्ये सुरू झालं. पायरेट्सचे मालक बार्नी ड्रायफस यांना फुकटात मिळालेल्या होम रनचा मनस्वी तिटकारा होता, म्हणून त्यांनी मैदान ऐसपैस बांधलं. बॅटरच्या जागेपासून कुंपणापर्यंत डावीकडे 360 फूट, उजवीकडे 376, आणि मधल्या भागात सर्वांत लांबचं टोक 460 फुटांच्या आसपास. ते टोक इतकं लांब होतं की सरावाचा जाळीचा पिंजरा सामना चालू असतानाही तिथंच, मैदानाच्या आत ठेवत. तो तिथं असला तरी काही बिघडत नसे, कारण तिथवर चेंडू जातच नसे. विल्सन डाव्या हातानं बॅटिंग करायचा, त्यामुळे त्याचे फटके उजवीकडच्या मोकळ्या जागेत जायचे. त्या वर्षीच्या 36 पैकी 24 ट्रिपल त्यानं घरच्या मैदानावर मारले.

इथं शंका घेणारे म्हणतात, बघा, म्हणजे विक्रम माणसाचा नाहीच, मैदानाचा. हा युक्तिवाद अर्धाच टिकतो. बाहेरच्या मैदानांवर विल्सननं 12 मारले. घरच्या मैदानानं त्याला काहीच मदत केली नाही असं धरून या 12 ची नुसती दुप्पट केली, तरी 24 होतात. 1925 मध्ये पायरेट्सच्याच काइकी कायलरनं 26 मारले, त्यानंतर गेल्या शंभर वर्षांत मेजर लीगमध्ये कुणीही 23 च्या पुढे गेलेलं नाही. दुसरं असं की फोर्ब्ज फील्ड 1910, 1911 आणि 1913 मध्येही तेवढंच मोठं होतं आणि तेव्हाही विल्सन तिथंच खेळत होता. त्या वर्षांत त्याचे ट्रिपल अनुक्रमे 13, 12 आणि 14. म्हणजे 1912 मध्ये त्याला काहीतरी विलक्षण साधलं होतं. त्या वर्षी त्याचे डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके, होते 19, ट्रिपलच्या निम्म्याहून थोडे जास्त. कुठल्याही बॅटरच्या नोंदी उघडून बघा, डबलपेक्षा ट्रिपल जास्त हे सहसा सापडत नाही. मैदानानं त्याला संधी दिली, ती त्यानं एकाच वर्षी अशी लुटली. संधीच नसती तर आपल्याला हे कधी कळलंच नसतं.

चेंडू तेव्हा वेगळा होता, हेही मान्य. सामनाभर तोच चेंडू वापरायचे. तो मऊ पडायचा, काळा पडायचा, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्याला थुंकी लावायचे. तो फार दूर जायचा नाही, म्हणून आउटफिल्डर पुढे येऊन उभे राहायचे, आणि एखादा चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला की मागे रानच मोकळं. 1920 मध्ये क्लीव्हलंडच्या रे चॅपमनचा डोक्याला चेंडू लागून मृत्यू झाला. त्यानंतर मळलेले चेंडू वरचेवर बदलले जाऊ लागले, थुंकी लावण्यावर त्याच सुमारास बंदी येत गेली, आणि त्याच वर्षी बेब रूथनं 54 होम रन मारले. त्या काळातल्या ट्रिपलमध्ये दोराची कमाईही होती, हे लपवायचं कारण नाही. गर्दी फार झाली की प्रेक्षकांना आउटफिल्डमध्येच दोर बांधून उभं करत आणि चेंडू गर्दीत शिरला की तीन बेस देऊन टाकत. 1903 च्या पहिल्या वर्ल्ड सीरिजमध्ये आठ सामन्यांत 25 ट्रिपल झाले, त्यातले बरेचसे असे दोरापलीकडचे. तेव्हा जुन्या काळाचा गहिवर काढण्यात मला रस नाही. मळका चेंडू आणि आउटफिल्डमध्ये घुसलेली गर्दी परत आणा असं कुणी म्हणणार नाही. चेंडू बदलला तो निदान खेळाडूंच्या जिवासाठी. कुंपण आत आलं त्याला मात्र असं काही कारण नव्हतं.

फोर्ब्ज फील्डचीच पुढची गोष्ट बघा. 1925 मध्ये उजवीकडे नवा स्टँड बांधला आणि 376 फुटांचं अंतर 300 वर आलं. मग 1947 मध्ये पायरेट्सनं हँक ग्रीनबर्ग या नामांकित होम रनवाल्याला घेतलं आणि त्याच्या सोयीसाठी डावीकडे 30 फूट आत नवं कुंपण घातलं. मधल्या जागेला लोक ‘ग्रीनबर्ग गार्डन्स’ म्हणू लागले. ग्रीनबर्ग एका हंगामानंतर निवृत्त झाला, पण तरुण राल्फ काइनरला ते कुंपण लाभलं. त्यानं 1947 मध्ये 51 आणि 1949 मध्ये 54 होम रन मारले. 1946 पासून सलग सात वर्षं होम रनमध्ये तो लीगमध्ये पहिला किंवा बरोबरीनं पहिला होता. संघाचं काय झालं? 1947 मध्ये पायरेट्स तळाला बरोबरीत. 1952 मध्ये 42 विजय, 112 पराभव. पुढच्या वर्षी काइनरला कब्जकडे धाडलं आणि मग ते कुंपणही काढून टाकलं.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मालकांची बाजू तिथंच भक्कम आहे. त्याच 1947 मध्ये, संघ तळाला असताना, पायरेट्सच्या प्रेक्षकांची हंगामातली संख्या पहिल्यांदाच दहा लाखांच्या पुढे गेली. म्हणजे लोक हरणाऱ्या संघाचे होम रन बघायला तिकीट काढून आले. होम रन विकला जातो, हे खरंच आहे. मी मान्य न करून ते बदलणार नाही.

तेव्हापासून आजपर्यंत कुंपणाचा प्रवास बहुतेक वेळा आतच होत आला आहे. 2007 मध्ये डेट्रॉइट टायगर्सच्या कर्टिस ग्रँडरसननं 23 ट्रिपल मारले. 1949 नंतर एवढे कुणी मारले नव्हते. त्याच्या पायांत वेग होताच, पण डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कचा मधला भाग तेव्हा 420 फुटांचा होता. 2023 च्या हंगामाआधी तो 412 वर आणला आणि भिंतींची उंचीही कमी केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात उजवीकडे मधल्या कोपऱ्यात 421 फुटांची खोल जागा होती, तिचं नावच ‘ट्रिपल्स ॲली’. 2020 मध्ये पिचरांची सरावाची जागा भिंतीपलीकडे हलवली, तेव्हा ती गल्ली 415 फुटांची झाली. नाव तेवढं राहिलं. ह्यूस्टनमध्ये मध्यभागी 436 फुटांवर एक चढण होती, चक्क मैदानातच. ती खणून टाकली आणि भिंत 409 फुटांवर आली. चढणीबद्दल मला हळहळ वाटत नाही, धावता धावता पाय मुरगळायची ती जागा होती. पण चढण सपाट करायला भिंत 27 फूट पुढे आणावी लागते, असं थोडंच आहे?

याच्या जोडीला हिशेबनीस आले. एखाद्या फटक्यानं सरासरी किती धावांचा फायदा होतो हे काढण्याची पद्धत बेसबॉलमध्ये आता सर्वमान्य आहे. तीनुसार डबलऐवजी ट्रिपल मिळाला तर साधारण पाव धावेचा फायदा होतो आणि तिसऱ्या बेसवर बाद झालात तर त्याच्या कितीतरी पट तोटा. म्हणून जुनी शिकवण आहे की डावातला पहिला किंवा तिसरा बळी तिसऱ्या बेसवर द्यायचा नाही. दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूला पुढच्या एका चांगल्या फटक्यावर शेवटच्या बेसपर्यंत येऊन धाव काढता येतेच, मग उगाच धोका का पत्करा? हिशेब चोख आहे. पण हिशेबात अंतर हा घटक असतो. भिंत 15 फूट आत आली की आउटफिल्डरचा चेंडू लवकर पोचतो, बाद होण्याची शक्यता वाढते, आणि ज्या धावेला काल होकार मिळाला असता तिला आज कोच दोन्ही हात पुढे करून थांबवतो. तेव्हा हिशेबनीसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या पुढ्यात जे मैदान टाकलं, त्याचंच त्यांनी गणित केलं.

गंमत म्हणजे खेळात धावपळ कमी झालीय, हे लीगला स्वतःलाच कळलेलं आहे. 2019 मध्ये मेजर लीगमध्ये 6,776 होम रन झाले, तो आजवरचा उच्चांक. चार वर्षांनी लीगनं नियमांत मोठे फेरफार केले. पिचरसाठी घड्याळ लावलं, बेसचा आकार 15 इंचांवरून 18 इंच केला, बेसवरच्या खेळाडूला रोखून धरायला पिचर किती वेळा चेंडू फेकू शकतो त्यावर मर्यादा घातली. परिणाम लगेच दिसला. चोरलेल्या बेसची, म्हणजे फटका बसलेला नसताना पळून गाठलेल्या बेसची, संख्या 2022 मध्ये 2,486 होती, 2023 मध्ये ती 3,503 झाली. म्हणजे पायांचा खेळ परत आणता येतो, त्यासाठी फक्त ठरवावं लागतं. आणि ज्या वर्षी लीगनं बेस तीन इंचांनी मोठे करून धावणाऱ्याला मदत केली, त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये त्याच्यापुढची जागा काही फुटांनी कमी झाली. एकाच लीगच्या या दोन हातांची एकमेकांशी ओळख नसावी.

बॅटरांची तक्रार मला मालकांच्या तक्रारीपेक्षा जास्त रास्त वाटते. 415 फूट चेंडू मारूनही तो झेलबाद होतो, आणि तोच फटका दुसऱ्या शहरात होम रन ठरतो. खेळाडूचा पुढचा करार याच आकड्यांवर होतो. मोठ्या मैदानावर आयुष्य काढायला चांगले बॅटर तयार होत नाहीत, अशी संघांची अडचण असते. पण याला उत्तर आहे. कुठल्या मैदानावर किती धावा निघतात याचा हिशेब करून खेळाडूचे आकडे तोलायची रीत आता सगळ्या संघांकडे आहे, करार करताना ते हेच करतात. मैदान मोठं म्हणून बॅटरची किंमत कमी धरणारा संघव्यवस्थापक आज नोकरीत टिकणार नाही. उरतो प्रेक्षकांच्या डोळ्यांना दिसणारा आकडा, आणि तो फुगवण्यासाठी भिंत पुढे आणणं म्हणजे टक्केवारी वाढवायला पेपर सोपा काढण्यासारखं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. क्रिकेटमध्ये सीमारेषेचा दोर किती आत घ्यायचा यावर गेली काही वर्षं वाद होत आहेत. आयसीसीच्या नियमांत किमान 65 आणि कमाल 90 यार्डांची मर्यादा आहे, आणि मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोर किमान अंतराकडे झुकताना आपण बघतो. त्यात पळून काढलेल्या तीन धावांचा बळी जातो. खोलवर मारलेला फटका, सीमारेषेवर घसरून चेंडू आत ढकलणारा क्षेत्ररक्षक, तिसऱ्या धावेसाठी ओरडणारा साथीदार, हे वीस षटकांच्या सामन्यात आता किती वेळा दिसतं? पण क्रिकेटकडे निदान वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा लिहिलेल्या आहेत, आणि दोर सामन्यागणिक मागे नेता येतो. बेसबॉलची भिंत काँक्रीटची.

जपानमध्ये मात्र ती मागे गेली होती. ओसाकाजवळच्या कोशिएन मैदानात 1947 मध्ये, म्हणजे पिट्सबर्गमध्ये ग्रीनबर्गसाठी कुंपण घातलं त्याच वर्षी, होम रन वाढावेत म्हणून आउटफिल्डमध्ये आतल्या बाजूला कुंपण घातलं गेलं. त्याला ‘लकी झोन’ म्हणत. 1991 चा हंगाम संपल्यावर ते काढून टाकलं. मैदान मोठं झालं म्हणून कोशिएनची लोकप्रियता आटली असं काही झालं नाही, शालेय स्पर्धांना तिथं आजही झुंबड उडते. अर्थात माझ्या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्टही याच मैदानाच्या संघाची आहे. जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला एका हंगामातल्या ट्रिपलचा विक्रम 18 चा, आणि तो हान्शिन टायगर्सच्या (तेव्हाच्या ओसाका टायगर्सच्या) मासायासु कानेदानं 1951 मध्ये केला, लकी झोन असतानाच. कुंपण हे एकच कारण नाही, हे विल्सनच्या 1910 आणि 1913 वरूनही दिसलंच होतं.

मग नियम काय असावा? मेजर लीगच्या नियमपुस्तकात एक कलम आहेच. 1 जून 1958 नंतर बांधलेल्या मैदानात दोन्ही कडांना किमान 325 फूट आणि मध्यभागी किमान 400 फूट अंतर असावं. सवलती देऊन देऊन ते कलम पातळ झालंय. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम 2009 मध्ये सुरू झालं, तिथं उजवी कड 314 फुटांवर आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोत 309. सगळी मैदानं एकसारखी करा असं मी म्हणत नाही. उलट प्रत्येक मैदानाचं माप निराळं असणं हीच बेसबॉलची मजा आहे, आणि पालिकेच्या भूखंडाच्या वेड्यावाकड्या आकारातून कितीतरी मैदानं घडली. मला हवंय ते एवढंच: उभ्या असलेल्या मैदानाचं कुंपण आत आणायचं असेल तर तीसही मालकांच्या तीन चतुर्थांश मतांची अट असावी, आणि बाहेर न्यायचं असेल तर नुसती आगाऊ सूचना पुरे. बाल्टिमोरनं 2022 मध्ये डावी भिंत मागे नेऊन उंच केली आणि 2025 साठी त्यातली बरीच जागा परत आत घेतली. असा खेळ तीन वर्षांत दोनदा करता आला नसता. तिथलं कॅम्डन यार्ड्स मैदान तर मेरीलँड राज्याच्या प्राधिकरणाच्या मालकीचं आहे, म्हणजे भिंत कुठं असावी यावर संघाच्या व्यवस्थापकांखेरीज आणखीही कुणाचा हक्क आहे.

हा प्रश्न येत्या काही वर्षांत सर्वांत जास्त तापणार तो कॅन्सस सिटीमध्ये. तिथलं कॉफमन स्टेडियम 1973 चं, आणि त्याचं आउटफिल्ड लीगमधल्या सर्वांत प्रशस्त आउटफिल्डांपैकी एक म्हणून ओळखलं जात आलं आहे. जॉर्ज ब्रेटनं 1979 मध्ये 20 आणि विली विल्सननं 1985 मध्ये 21 ट्रिपल मारले ते तिथल्याच रॉयल्स संघाकडून. 1995 मध्ये तिथलं कुंपण दहा फूट आत आणलं होतं आणि 2004 मध्ये ते परत मागे नेलं, म्हणजे चूक सुधारायची सवय त्या शहराला आहे. स्टेडियमचा भाडेकरार 2031 च्या सुरुवातीला संपतो आणि संघाला नवं मैदान हवंय. एप्रिल 2024 मध्ये जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी त्यासाठीचा विक्रीकर फेटाळला. लोकांच्या पैशांतून मैदान बांधण्याचा प्रस्ताव पुढे कुठल्याही शहरात, कुठल्याही रूपात आला, तरी चर्चा छप्पर, पार्किंग आणि शेजारच्या दुकानांची होईल. उजव्या-मधल्या कोपऱ्यात भिंत किती फुटांवर असणार, आणि ती पुढची तीस वर्षं हलवणार नाही हे लिहून मिळणार का, हे दोन प्रश्न मतदारांनी त्याच सभेत विचारावेत.